समस्थानिक गुणोत्तरांचे मापन : कोकणातल्या विहिरी, झरे आणि शिंपले यांसाठी काय निवडावे

रत्नागिरीत भूशास्त्रात एम.एस्सी. केलेल्या आणि गुहागर ते राजापूर या पट्ट्यावर पीएच.डी. करू पाहणाऱ्या एका विद्यार्थ्याने विचारले आहे : ‘किनाऱ्यालगतच्या विहिरी खाऱ्या का होत आहेत, गरम पाण्याच्या झऱ्यांचे पाणी कुठून येते आणि खाडीतल्या तिसऱ्यांच्या शिंपल्यांवरून जुन्या पावसाळ्यांचा अंदाज बांधता येईल का, हे मला तपासायचे आहे. समस्थानिक गुणोत्तर मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये झालेल्या सुधारणांपैकी माझ्या उपयोगाच्या कोणत्या? आणि याच यंत्रावर कातळशिल्पांचे वय काढता येईल का?’

आधी थोडक्यात उत्तर देतो. समस्थानिके म्हणजे एकाच मूलद्रव्याचे वेगवेगळ्या वस्तुमानाचे अणू; ऑक्सिजन-१८ हा ऑक्सिजनचा त्यांतला जड अणू. विहिरींसाठी क्लोराइडचे साधे टायट्रेशन आणि त्याच्या जोडीला स्ट्रॉन्शियमचे गुणोत्तर घ्या. शिंपल्यांना नेहमीचे ऑक्सिजन-१८ पुरेल. दोन जड अणू एकाच रेणूत किती वेळा सापडतात ते मोजणारे, ‘क्लम्प्ड’ म्हणून गाजणारे नवे तंत्र शिंपल्यांवर खर्च करू नका, ते बेसाल्टच्या पोकळ्यांतल्या कॅल्साइटसाठी, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्या खनिजासाठी, राखून ठेवा. कातळशिल्पांचे वय या यंत्रातून निघणार नाही. ही निवड अशी का, हे समजण्यासाठी यंत्र नेमके काय करते आणि ते कुठे सुधारले, एवढे तरी पाहावे लागेल.

या यंत्राला निरपेक्ष गुणोत्तर चांगले मोजता येत नाही, मात्र तुलना ते अप्रतिम करते. नमुन्यापासून केलेला वायू, बहुधा कार्बन डायऑक्साइड, निर्वात कक्षात इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली आयनित होतो, चुंबकीय क्षेत्रात वळतो आणि ४४, ४५ व ४६ या वस्तुमानांचे झोत वेगवेगळ्या फॅराडे कपांत, म्हणजे आयनांचा प्रवाह मोजणाऱ्या धातूच्या पेल्यांत, पडतात. आयन निर्माण होताना, वळताना आणि गोळा होताना गुणोत्तरात जी गडबड होते ती आपल्याला हव्या असलेल्या फरकापेक्षा कितीतरी मोठी असते. म्हणून आल्फ्रेड नीअर यांनी १९४० च्या दशकात दोन झोत एकाच वेळी गोळा करण्याची सोय केली आणि १९५० मध्ये शिकागोत हॅरॉल्ड युरी यांच्या गटाने नमुना व संदर्भ वायू आळीपाळीने आत सोडणारी झडप बसवली. दोन्ही वायूंवर सारखीच गडबड होते आणि वजाबाकीत ती निघून जाते. आज आपण जे ‘डेल्टा’ मूल्य दर हजारी लिहितो ते या वजाबाकीचे उत्तर आहे. पुढची जवळजवळ प्रत्येक सुधारणा ही तुलना अधिक लहान नमुन्यावर, अधिक दुर्मीळ रेणूवर किंवा अधिक भरवशाच्या संदर्भाशी करता यावी यासाठी झालेली आहे.

या तुलनेला एक मर्यादा निसर्गानेच घातलेली आहे. आयन एकेक करून येतात आणि त्यांच्या संख्येतली अनिश्चितता त्या संख्येच्या वर्गमुळाइतकी असते. दर हजारी ०.०१ इतकी बारीक मोजणी हवी असेल, तर दुर्मीळ समस्थानिकाचे निदान एक हजार कोटी आयन कपात पडलेच पाहिजेत. कार्बन-१३ शंभरात सुमारे १.१ असतो, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. क्लम्प्ड मापनात मात्र कार्बन-१३ आणि ऑक्सिजन-१८ हे दोन्ही जड अणू एकाच रेणूत असलेला, ४७ वस्तुमानाचा कार्बन डायऑक्साइड शोधायचा असतो आणि तो दहा लाखांत जेमतेम पंचेचाळीस असतो. त्याचे एक हजार कोटी आयन मिळवायचे म्हणजे ४४ वस्तुमानाचे दोन लाख अब्जांहून अधिक आयन घडवावे लागतात, आणि आयन-स्रोतात हजारभर रेणूंमागे एखादाच आयन होतो. या हिशोबाने चाळीस मायक्रोग्रॅम कॅल्साइट किमान खर्ची पडते. निम्मा वेळ संदर्भ वायूवर जातो हे धरले की प्रत्यक्षात त्याच्या काही पट. जाहिरातीत यंत्र कितीही चमकदार दिसो, या गणिताच्या पलीकडे ते जात नाही. नमुना किती लागेल असे प्रयोगशाळेला विचारण्यापूर्वी हे गणित स्वतः करून पाहावे.

विद्युत बाजूला झालेली सुधारणा मात्र खरोखर मोलाची आहे. कपात येणारा प्रवाह इतका क्षीण असतो की तो प्रचंड रोधातून पाठवून त्याचे व्होल्टेज वाचावे लागते. पूर्वी हा रोध एकावर अकरा शून्ये ओहम इतका असे, आता एकावर तेरा शून्यांचे रोध मिळतात. रोध शंभरपट झाला की संकेत शंभरपट होतो, पण उष्णतेमुळे येणारा गोंगाट त्याच्या वर्गमुळाने, म्हणजे दहापटच वाढतो; त्यामुळे क्षीण झोतांवर दहापट फायदा होतो. हे रोध प्रतिसादाला सावकाश असल्याने झपाट्याने बदलणाऱ्या संकेतावर त्यांचा उपयोग जपून करावा लागतो.

संदर्भ नमुन्यांची कथा पाठ्यपुस्तकांत चार ओळींत उरकली जाते, वास्तविक तिच्यावर अधिक वेळ द्यायला हवा. कार्बोनेटची मोजपट्टी मुळात अमेरिकेच्या साउथ कॅरोलिनातील पी डी शैलसमूहातल्या बेलेम्नाइट या लुप्त समुद्री प्राण्याच्या जीवाश्मावर उभी होती. तो जीवाश्म केव्हाच संपला. मग ‘एनबीएस-१९’ या संगमरवराच्या चुऱ्याला कार्बनसाठी अधिक १.९५ आणि ऑक्सिजनसाठी उणे २.२० अशी मूल्ये ठरवून देऊन तीच मोजपट्टी ‘व्हिएन्ना पीडीबी’ या नावाने पुढे चालवली गेली. तो साठाही आटला आणि त्याची जागा व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या ‘आयएईए-६०३’ ने घेतली. दरम्यान २००६ मध्ये मोजपट्टीचे दुसरे टोकही पक्के असावे म्हणून ‘एलएसव्हीईसी’ या लिथियम कार्बोनेटला उणे ४६.६ असे मूल्य देण्यात आले. पुढच्या दशकभरात लक्षात आले की तो पदार्थ हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून हळूहळू बदलतो. ज्याने इतरांना सरळ करायचे तोच सरकत होता. आता कार्बनसाठी तो वापरू नये असे ठरले आहे. त्यामुळे जुन्या शोधनिबंधांतले आकडे आपल्या आकड्यांशेजारी मांडताना ते कोणत्या नमुन्यांवर आणि एका की दोन टोकांवर बसवले होते, हे पाहावेच लागते. पाण्याला हा त्रास तुलनेने कमी आहे. समुद्राच्या सरासरी पाण्याचे ‘व्हीस्मॉ’ शून्यावर आणि अंटार्क्टिकाच्या बर्फाचे ‘स्लॅप’ ऑक्सिजनसाठी उणे ५५.५ व हायड्रोजनसाठी उणे ४२८ वर, अशी दोन टोके तिथे पक्की आहेत.

आता विहिरींकडे वळतो. तुमची अपेक्षा अशी दिसते की समुद्राचे पाणी ऑक्सिजन-१८ च्या दृष्टीने जड, पावसाचे हलके, म्हणून विहिरीत किती समुद्र शिरला ते या समस्थानिकावरून कळेल. तत्त्व बरोबर आहे, पण आकडे घालून पाहा. अरबी समुद्रावरून थेट आलेला आपला पाऊस फारसा हलका नसतो. उदाहरणापुरते गोडे पाणी उणे २ आणि समुद्र अधिक ०.५ धरू. म्हणजे दोन टोकांत अंतर फक्त २.५, आणि मोजणीची अनिश्चितता ०.१. याचा अर्थ चार टक्क्यांखालचे मिश्रण या मार्गाने दिसणारच नाही. उलट समुद्राच्या पाण्यात लिटरमागे सुमारे १९,००० मिलिग्रॅम क्लोराइड असते, म्हणजे एक टक्का समुद्र मिसळला तरी विहिरीत १९० मिलिग्रॅमची भर पडते. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकातली स्वीकार्य मर्यादाच २५० मिलिग्रॅम आहे. समस्थानिकांना खारेपणाचा पत्ता लागेपर्यंत घरातल्या बाईने ते पाणी पिण्यासाठी भरणे कधीच सोडलेले असते. सिल्व्हर नायट्रेटची बाटली आणि ब्युरेट यांना इथे लाखोंचे यंत्र मागे टाकू शकत नाही.

मग समस्थानिके कशाला हवीत, तर खारेपणा कोणत्या वाटेने आला ते ठरवण्यासाठी. भूजलात समुद्राचे पाणी शिरले असेल, तर क्लोराइडबरोबर ऑक्सिजन आणि हायड्रोजन ही दोन्ही समुद्राच्या दिशेने सरकतील. पाणी खाजणात किंवा मिठागरालगत उन्हाने आटून मग झिरपले असेल, तर हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांच्या आलेखावर नमुना पावसाच्या रेषेपासून सुटून चार ते सहा उताराच्या रेषेवर उजवीकडे जाईल. पावसाची स्वतःची रेषा, जी हार्मन क्रेग यांनी १९६१ मध्ये मांडली, तिचा उतार आठ असतो. आणि मातीत साचलेले जुने मीठ नुसते विरघळले असेल, तर क्लोराइड वाढेल पण समस्थानिके जागची हलणार नाहीत. खारभूमीचे बांध फुटून भरतीचे पाणी आत येणाऱ्या गावांत या तिन्ही वाटा एकाच पाणंदीच्या दोन बाजूंना सापडू शकतात, म्हणून एका विहिरीवरून वाडीचा निष्कर्ष काढू नका.

यासाठी स्थानिक पावसाची रेषा तुम्हालाच आखावी लागेल. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेच्या पर्जन्य जाळ्यात मुंबई हे जुने ठाणे आहे, पण मुंबईची रेषा राजापूरला डोळे मिटून लावता येत नाही. महिनाभराचा पाऊस एकत्र साठवणाऱ्या पात्रांची क्षमता बहुधा समशीतोष्ण प्रदेशांतल्या पावसावर ठरवलेली असते आणि जुलैतला कोकणचा पाऊस ती सहज ओसंडून टाकतो. ओसंडलेल्या पात्रातले पाणी कोणत्या दिवसांचे हे सांगता येत नाही, तेव्हा पंधरवड्याने किंवा त्याहून लवकर पात्र रिकामे करा आणि सरासरी काढताना प्रत्येक नमुन्याला त्याच्या पावसाचे वजन द्या. बाष्पीभवन टाळण्यासाठी पाण्यावर पॅराफिन तेलाचा थर देण्याची जुनी पद्धत आहे. नमुने लेझर यंत्रावर जाणार असतील तर ती वापरू नका, कारण सेंद्रिय अंश त्या मापनात घोळ घालतो. त्याऐवजी लांब बारीक नळी तळापर्यंत सोडलेले पात्र घ्या.

लेझर यंत्रांचा उल्लेख आलाच आहे तर तेही सांगतो. पाण्याच्या वाफेतून लेझर किरण हजारो वेळा फिरवून त्याचे शोषण मोजणारी ही यंत्रे गेल्या दोन दशकांत जलविज्ञानात इतकी रुळली आहेत की पाण्याच्या कामात मास स्पेक्ट्रोमीटरची मक्तेदारी राहिलेली नाही. ती स्वस्त आहेत, त्यांना हेलियम लागत नाही आणि हायड्रोजन व ऑक्सिजन ती एकाच वेळी मोजतात. दोन गोष्टी मात्र सांभाळाव्या लागतात. आधीच्या नमुन्याची सावली पुढच्यावर पडते, म्हणून एकाच नमुन्याची अनेक अंतःक्षेपणे करून पहिली काही टाकून द्यावी लागतात. आणि खारे पाणी दिले की बाष्पीकारकात मिठाचा थर बसतो. निमखाऱ्या आणि खाऱ्या नमुन्यांसाठी मला अजूनही जुनी समतोल पद्धत बरी वाटते : कुपीतल्या पाण्यावर कार्बन डायऑक्साइड सोडायचा, ठरावीक तापमानाला रात्रभर ठेवायचा आणि पाण्याशी ऑक्सिजनची देवघेव झालेला तो वायूच यंत्रात घ्यायचा. मीठ कुपीतच राहते.

विहिरींसाठी खरी धारदार सुरी म्हणजे स्ट्रॉन्शियम. समुद्राच्या पाण्यात स्ट्रॉन्शियम-८७ आणि स्ट्रॉन्शियम-८६ यांचे गुणोत्तर जगभर ०.७०९२ च्या आसपास असते. दख्खनच्या बेसाल्टचे ते थराथराने बदलते, आणि गंमत अशी की त्या थरांची जगभर वापरली जाणारी नावे आपल्या घाटवाटांची आणि गावांची आहेत. पोलादपूरहून महाबळेश्वरला चढणाऱ्या आंबेनळी घाटाच्या नावाचा शैलसमूह सर्वांत कमी दूषित, म्हणजे लाव्हात जुन्या कवचाची भेसळ सर्वांत कमी झालेला, ०.७०४ च्या आसपास. पोलादपूर शैलसमूह मधला. आणि त्याखालचा बुशे ०.७१३ च्याही वर, कारण तो लाव्हा वर येताना जुन्या ग्रॅनाइटी कवचातले बरेच काही गिळून आला. समजा तुमच्या विहिरीखाली आंबेनळीसारखा बेसाल्ट आहे, गोड्या पाण्याचे गुणोत्तर ०.७०४५ आहे आणि त्यात लिटरमागे ०.१५ मिलिग्रॅम स्ट्रॉन्शियम आहे. समुद्रात ते सुमारे ८ मिलिग्रॅम असते. एक टक्का समुद्र मिसळला की ०.०८ मिलिग्रॅमची भर पडते, म्हणजे एकूण स्ट्रॉन्शियमपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक समुद्राचे होते आणि गुणोत्तर सुमारे ०.००१६ ने वर सरकते. उष्णता-आयनीकरणाचे यंत्र, ज्यात नमुना रेनियमच्या तारेवर सुकवून तापवतात, किंवा अतितप्त आयनित वायूत नमुन्याचे आयन करून अनेक कपांत एकाच वेळी मोजणारे बहुसंग्राहक प्लाझ्मा यंत्र पाचवे दशांश स्थळ भरवशाने देते. म्हणजे हा बदल अनिश्चिततेच्या शंभरपटीहून मोठा आहे.

यात कोकणापुरता एक सापळा आहे. जांभ्याच्या सड्यावरची विहीर असेल, तर जांभ्यातून स्ट्रॉन्शियम कधीच धुऊन गेलेले असते. अशा पाण्यातले थोडेसे स्ट्रॉन्शियम मुख्यतः पावसाबरोबर आलेल्या समुद्री तुषारांचे असू शकते आणि त्याचे गुणोत्तर समुद्राशी जुळते, पाणी पूर्ण गोडे असूनही. तेव्हा स्ट्रॉन्शियमचे प्रमाण आणि क्लोराइड हाताशी नसेल, तर नुसत्या गुणोत्तरावर समुद्र शिरल्याचा निकाल देऊ नका. सिंधुदुर्गात गेलात तर जुने पट्टिताश्म आणि कलादगीचे खडक लागतात. तिथे गोड्या पाण्याचे टोक समुद्राच्या वरच्या बाजूला जाऊ शकते आणि आलेखाची दिशाच उलटते.

स्ट्रॉन्शियमच्या मापनात रुबिडियम-८७ हा कायमचा उपद्रव आहे, कारण त्याचे वस्तुमान स्ट्रॉन्शियम-८७ च्या इतके जवळ आहे की कोणताही बहुसंग्राहक चुंबक त्यांना वेगळे करू शकत नाही. म्हणून नमुना आधी रेझिनच्या स्तंभातून गाळून शुद्ध करतात. अलीकडच्या काही प्लाझ्मा यंत्रांत अभिक्रिया-कक्ष बसवला आहे. त्यात सल्फर हेक्झाफ्लोराइडसारखा वायू सोडला की स्ट्रॉन्शियम फ्लोरिनला धरून एकोणीस घरे पुढे सरकते आणि रुबिडियम मागे राहते. लेझरने खनिजाचा ठिपका खरवडून तो थेट मोजणाऱ्यांसाठी हा मोठा बदल आहे. विहिरीच्या पाण्याला त्याची गरज नाही, रेझिन पुरते.

शिंपल्यांकडे येऊ. तिसरीचे कवच बहुतांशी अ‍ॅरागोनाइटचे, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच्याच पण कॅल्साइटहून वेगळ्या रचनेच्या खनिजाचे, असते आणि कडेला नवी वाढ होत जाते. कवच रेझिनमध्ये बसवून वाढीच्या अक्षावर कापायचे, घासून गुळगुळीत करायचे आणि बिजागरीपासून कडेपर्यंत अर्ध्या मिलिमीटरच्या गिरमिटाने ओळीने भुकटी काढायची. गिरमीट सावकाश फिरवा, घर्षणाने तापल्यास अ‍ॅरागोनाइटचा काही भाग कॅल्साइट होतो आणि आम्लाशी होणाऱ्या क्रियेत दोघांची वागणूक थोडी वेगळी असते. पूर्वी एका मापनाला काही मिलिग्रॅम भुकटी लागे, त्यामुळे महिनोन्‌महिन्यांची वाढ एकात मिसळत असे. आता पन्नास ते शंभर मायक्रोग्रॅम पुरते. ती भुकटी कुपीत घेऊन आतली हवा हेलियमने काढून टाकतात, फॉस्फोरिक आम्लाचे थेंब सोडतात आणि निघालेला वायू हेलियमच्या प्रवाहातून यंत्रात जातो. नमुन्याचे इतके लहान होणे, हीच तुमच्या दृष्टीने या क्षेत्रातली सर्वांत मोठी प्रगती आहे.

या आकड्यांचा अर्थ लावताना तापमान आणि पाणी या दोन्हींचा प्रभाव कवचात मिसळलेला असतो. तापमान एक अंशाने वाढले की कवचातला ऑक्सिजन-१८ दर हजारी सुमारे ०.२ ने उतरतो. आपल्या समुद्राचे तापमान वर्षभरात चारपाच अंशांनीच बदलते, म्हणजे त्याचा वाटा फार तर एक. खाडीत मात्र पावसाळ्यात समुद्राच्या जागी नदीचे पाणी येते आणि तेवढ्याने दोन ते अडीचचा फरक पडू शकतो. थोडक्यात, कोकणच्या खाडीतली तिसरी ही तापमापी कमी आणि गोड्या पाण्याची नोंदवही अधिक आहे. त्यातही दोन गोष्टी ध्यानात ठेवा. पाणी फारच गोडे झाले की तिसरी मिटून बसते आणि तिची वाढ मंदावते किंवा थांबते, म्हणून ऐन पुराचे पाणी कवचात नोंदलेच जात नाही. आणि पहिला अभ्यास वाशिष्ठीच्या खाडीवर करू नका, कारण कोयनेच्या वीजगृहांतून सुटलेले पाणी तिथे कोरड्या ऋतूतही येत राहते. काजळीच्या मुखाची भाट्ये खाडी यासाठी सोपी आहे.

इथेच क्लम्प्ड तंत्राचा मोह होतो. दोन जड समस्थानिके एकमेकांना किती वेळा चिकटतात हे फक्त तापमानावर ठरते, पाणी कसे होते याच्याशी त्याचा संबंध नाही. म्हणजे वरची गुंतागुंत सुटायला हवी. कॅलटेकमध्ये जॉन आयलर यांच्या गटाने हे उभे केले आणि कार्बोनेटसाठीचा २००६ चा पायाभूत शोधनिबंध प्रसेनजित घोष यांच्या प्रथम नावाने आहे, जे पुढे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आले. पण आपल्या तापमानाला एका अंशामागे या संकेतात फक्त ०.००३ इतका बदल होतो. अनेक पुनरावृत्ती करून अनिश्चितता ०.०१ वर आणली तरी उत्तर तीन अंशांपेक्षा बारीक येत नाही, आणि तुमचा संपूर्ण वर्षाचा फरक चारपाच अंशांचा. थंड प्रदेशांतल्या शिंपल्यांवर, जिथे उन्हाळा-हिवाळ्यात पंधरा अंशांचा फरक पडतो, तिथे हे तंत्र शोभते.

त्याऐवजी बेसाल्टच्या पोकळ्या पाहा. झिओलाइट या पोकळ्यांत वाढणाऱ्या खनिजांच्या संगतीने वाढलेले कॅल्साइटचे स्फटिक कोणत्या तापमानाच्या पाण्यातून बसले, हा प्रश्न दहापाच अंशांचा नसून काही दशक अंशांचा आहे आणि तिथे तीनचार अंशांची अनिश्चितता कुणाला खुपत नाही. तापमान कळले की नेहमीच्या ऑक्सिजन-१८ वरून त्या वेळच्या पाण्याचे मूल्यही काढता येते. वेगवेगळ्या प्रयोगशाळांचे क्लम्प्ड आकडे पूर्वी एकमेकांशी जुळत नसत. झुरिकच्या ईटीएच संस्थेचे कार्बोनेट नमुने सर्वांनी संदर्भ म्हणून घेतल्यावर, आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतर-प्रयोगशाळा तुलनेनंतर, तो घोळ बराच निस्तरला आहे.

गरम झऱ्यांबद्दल जास्त लिहीत नाही, कारण मुख्य गोष्ट स्थिरावलेली आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून राजापूरजवळच्या उन्हाळे गावापर्यंत जी रांग आहे, त्यात तुमच्या पट्ट्यातले आरवली, तुरळ, राजवाडी येतात. तिथले पाणी मूलतः पावसाचे आहे. खोलवर फार उष्ण खडकाशी दीर्घकाळ देवघेव झाली असती तर ऑक्सिजन-१८ पावसाच्या रेषेच्या उजवीकडे ठळकपणे सरकला असता. हे पाणी फक्त बेसाल्टमधून फिरते की त्याखालच्या जुन्या स्फटिकी खडकांतूनही, यासाठी पुन्हा स्ट्रॉन्शियमच उपयोगी पडेल. नमुना कुंडातून घेऊ नका, जिथे पाणी उसळते तिथून घ्या. बाटली पाण्याखाली तोंडोतोंड भरून तिथेच झाकण लावा. कुंडात पसरलेले गरम पाणी वाफेने किती बदलले आहे याचा हिशोब नंतर करता येत नाही.

बाकीची नवी यंत्रे तुमच्या प्रश्नांपासून दूर आहेत. ऑर्बिट्रॅप नावाचे यंत्र गेल्या काही वर्षांत समस्थानिकांच्या कामाला जुंपले गेले असून ते नायट्रेटसारखा आयन वायूत न बदलता थेट मोजू शकते. आंब्याच्या बागेतले खत आणि घरामागचा शोषखड्डा यांपैकी विहिरीत नायट्रेट कुणाचे, असा प्रश्न कुणी विचारलाच तर त्याकडे बघता येईल. मात्र शेणखत आणि मैला यांचे नायट्रोजन-१५ एकमेकांत इतके मिसळतात की यंत्र सुधारल्याने ते वेगळे होत नाहीत. जांभ्यातल्या लोहाची समस्थानिके प्लाझ्मा यंत्रावर मोजताना आर्गॉन आणि ऑक्सिजन मिळून बनलेला आयन नेमका लोह-५६ च्या जागी बसतो. उच्च विभेदनाने तो टाळता येतो. हा विषय स्वतंत्र पीएच.डी.चा आहे, तुमच्या कामाला तो चिकटवू नका.

तुमच्या जवळचा पर्याय गोवा आहे, दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आणि वास्कोचे ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. पाण्याच्या कामात ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आणि अहमदाबादची भौतिक संशोधन प्रयोगशाळा यांचा अनुभव दीर्घ आहे. नमुने कुठेही द्या, पण परत आलेल्या तक्त्यात फक्त तुमचे आकडे स्वीकारू नका. त्याच दिवशी त्याच फेरीत मोजलेल्या संदर्भ नमुन्यांचे आकडेही मागा, त्यांतला निदान एक असा असावा की ज्याचे मूल्य मोजपट्टी बसवण्यासाठी वापरलेले नाही. शिवाय स्वतःच्याच एका विहिरीच्या पाण्याच्या काही बाटल्या वेगवेगळ्या क्रमांकांनी घालून ठेवा. त्यांच्यात जेवढा फरक येईल तेवढी तुमची खरी अनिश्चितता, माहितीपत्रकात काही का छापलेले असेना.

राहिला कातळशिल्पांचा प्रश्न. जांभ्यात कोरताना खडकातले कोणतेही समस्थानिकांचे घड्याळ नव्याने सुरू होत नाही. वैश्विक किरणांनी उघड्या पृष्ठभागात तयार होणाऱ्या समस्थानिकांवरून वय काढतात हे खरे, पण ते किरण खडकात अर्धा मीटरहून खोल पोहोचतात आणि शिल्पाची खोली काही सेंटिमीटरच असते, त्यामुळे कोरण्याआधीचा सगळा साठा जवळपास तसाच राहतो. एखाद्या शिल्पाच्या खाचेत न ढवळलेला मातीचा भराव आणि त्यात कोळसा सापडला, तर कार्बन-१४ ने त्या कोळशाचे वय काढता येईल. ते मापन त्वरक मास स्पेक्ट्रोमीटरवर होते आणि त्याची सोय नवी दिल्लीच्या आंतरविद्यापीठ त्वरक केंद्रात आहे. त्यातून कळेल ते एवढेच की शिल्प त्या भरावापेक्षा जुने आहे, आणि तेही कोळसा वरून वाहत आलेला नाही हे खोदकामातल्या थरांवरून दाखवता आले तरच.